रूझवेल्ट यांचा रक्तदाब आणि तुमची रोजची गोळी

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या चिठ्ठीवर रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल असे 'प्रिल'ने संपणारे एखादे नाव आहे का? असल्यास हा लेख तुमच्यासाठी आहे. या औषधांना एसीई इनहिबिटर म्हणतात. शरीरातल्या एका एन्झाइमचे (विकराचे) काम ती रोखतात. उच्च रक्तदाब आणि हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होणे, या दोन्ही आजारांत ती दिली जातात.

ही गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी बहुतेक रुग्ण एकच प्रश्न विचारतात: आता काहीच त्रास होत नाही, मग गोळी का चालू ठेवायची? या प्रश्नाचे उत्तर नीट समजावे म्हणून आज एका रुग्णाची हकिगत सांगत आहोत. हा रुग्ण जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसांपैकी एक होता. त्याच्या सेवेला चोवीस तास डॉक्टर हजर होते. तरीही त्याचा रक्तदाब कोणालाच आटोक्यात आणता आला नाही, कारण तसे औषधच तेव्हा नव्हते.

फ्रँकलिन रूझवेल्ट कोण होते?

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क येथे एका श्रीमंत घरात झाला. ते राजकारणात शिरले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात नौदल खात्यात मोठ्या पदावर होते. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला असे निदान झाले आणि दोन्ही पाय कायमचे निकामी झाले. त्या काळी अशा माणसाचे सार्वजनिक आयुष्य संपले असेच कोणीही म्हटले असते. रूझवेल्ट यांनी मात्र पायांना लोखंडी पट्ट्या बांधून, कोणाच्या तरी हाताचा आधार घेऊन उभे राहण्याचा सराव केला. पुढे ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले आणि मार्च १९३३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष.

ते लागोपाठ चार वेळा निवडून आले. असे दुसऱ्या कोणाही अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत घडलेले नाही. महामंदीत बेकारांना काम देणाऱ्या योजना, वृद्धांसाठी पेन्शनची व्यवस्था आणि नंतर दुसरे महायुद्ध, हे सगळे त्यांच्याच कारकिर्दीत झाले. जुलै १९४२ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून त्यांनाच पत्र लिहून भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली होती.

पायांचे अपंगत्व लोकांना फारसे दिसू नये याची रूझवेल्ट आणि त्यांचे सहकारी काळजी घेत. आजाराबद्दल न बोलण्याची ही सवय पुढे त्यांच्या हृदयाच्या बाबतीतही कायम राहिली.

वहीत वाढत गेलेले आकडे

व्हाइट हाऊसमध्ये रूझवेल्ट यांचे डॉक्टर होते रॉस मॅकिन्टायर. ते नौदलातले, कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. रूझवेल्ट यांना सर्दी आणि सायनसचा त्रास वारंवार होई, म्हणून त्यांची निवड झाली होती. ते रोज रुग्णाला भेटत आणि अधूनमधून रक्तदाबही मोजला जाई. पुढे उपलब्ध झालेल्या नोंदी अशा आहेत:

- १९३५: १३६/७८
- १९३७: १६२/९८
- १९४०: १७८/८८
- १९४१: १८८/१०५

हे आकडे तुम्ही तुमच्या फाइलमधल्या आकड्यांशी ताडून पाहा. आज १४०/९० च्या वर सतत रक्तदाब राहिला की आपण त्याला उच्च रक्तदाब म्हणतो. म्हणजे १९३७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, रूझवेल्ट यांचा आजार कागदावर दिसत होता. १९४१ मध्ये तो गंभीर झाला होता. तरी त्यावर खास असा काही उपचार झाला नाही.

हा डॉक्टरांचा हलगर्जीपणा होता असे आज आपल्याला वाटेल. पण तेव्हाचे वैद्यकशास्त्र वेगळे होते. वय वाढेल तसा रक्तदाब वाढणारच, अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे जायचे तर तो वाढायलाच हवा, तो उतरवला तर उलट धोका होईल, असे अनेक नामवंत डॉक्टर मानत. उपाय म्हणावेत तर विश्रांती, मीठ कमी करणे आणि झोपेचे औषध. काही ठिकाणी नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करत. रोज घ्यायची, परिणामकारक आणि सोसेल अशी गोळी नव्हती.

शिवाय स्वतः रूझवेल्ट यांना काही जाणवत नव्हते. ते भरपूर काम करत, भरपूर सिगारेटी ओढत, हसतमुख असत. रक्तदाबाचा आजार बहुतेक वेळा असाच असतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, छातीत काही होत नाही. दरम्यान वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची डावी बाजू जाड होत जाते आणि शेवटी थकते.

मार्च १९४४ ची तपासणी

१९४३ च्या अखेरीस रूझवेल्ट तेहरानच्या परिषदेहून परतले. त्यानंतर फ्लूसारखे आजारपण आले आणि ते पूर्ण गेलेच नाही. खोकला राहिला. थकवा इतका, की काम करता करता डोळा लागे. हा बदल घरात सर्वांत आधी बोचला तो त्यांची मुलगी ॲना हिला. वडिलांची नीट तपासणी झालीच पाहिजे असा तिने आग्रह धरला.

२७ मार्च १९४४ रोजी बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले. थोड्या हालचालीनेही रुग्णाला धाप लागत होती. ओठ निळसर होते. हृदयाचा आकार वाढला होता. फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचल्याचे आवाज येत होते. रक्तदाब १८६/१०८ होता. निदान झाले: उच्च रक्तदाब, त्यामुळे झालेला हृदयविकार आणि हार्ट फेल्युअर. खोकला केवळ सर्दीचा नव्हता. फुप्फुसांत साचलेल्या पाण्याचाही त्यात वाटा होता.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या घरच्यांनी ही लक्षणे लक्षात ठेवावीत. जिना चढताना किंवा आडवे झाल्यावर धाप लागणे, रात्री खोकला येऊन उठून बसावे लागणे, पायांवर सूज, न जाणारा थकवा. वय झाले किंवा दगदग झाली म्हणून ही सोडून देऊ नयेत. रूझवेल्ट यांच्या घरी तरी मुलगी बोलली म्हणून तपासणी झाली.

बरे वाटू लागले, पण रक्तदाब वाढतच गेला

ब्रुएन यांनी डिजिटॅलिस सुरू करावे, मीठ आणि वजन कमी करावे, विश्रांती द्यावी असा सल्ला दिला. राष्ट्राध्यक्षांना इतके दिवस झोपवून कसे ठेवायचे, यावर सुरुवातीला मतभेद झाले. इतर तज्ज्ञ बोलावले गेले. शेवटी डिजिटॅलिस सुरू झाले. हे औषध एका वनस्पतीपासून मिळते आणि थकलेल्या हृदयाचे आकुंचन थोडे जोरकस करते.

दोन आठवड्यांत फरक दिसला. धाप कमी झाली, फुप्फुसे मोकळी झाली, रूझवेल्ट पुन्हा आडवे झोपू लागले. सिगारेटी कमी केल्या, वजन उतरवले, कामाचे तास कमी केले. साऊथ कॅरोलायनात एका मित्राच्या घरी ते सुमारे महिनाभर विश्रांतीला राहिले.

त्यांना बरे वाटत होते. पण रक्तदाब मोजला की २०० च्या वर येई. १९४४ च्या अखेरीस तो २६०/१५० पर्यंत गेल्याची नोंद आहे. डिजिटॅलिसने हृदयाला हात दिला, पण हृदयावरचे ओझे तसेच राहिले. बरे वाटणे आणि बरे असणे यांत किती अंतर असू शकते, ते या आठ-नऊ महिन्यांत दिसते.

या सगळ्या काळात रूझवेल्ट यांनी ब्रुएन यांना जवळजवळ काहीच विचारले नाही. रक्तदाब किती आहे, या गोळ्या कशाच्या, हृदयाचा डॉक्टर रोज का येतो, हे प्रश्न त्यांनी टाळले. डॉक्टरांनीही आपणहून सांगितले नाही. मॅकिन्टायर वार्ताहरांना तब्येत उत्तम असल्याचे सांगत राहिले. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकी मतदारांनी त्यांना चौथ्यांदा निवडून दिले, तेव्हा आपला उमेदवार हार्ट फेल्युअरचा रुग्ण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ही माहिती तपशिलात बाहेर आली ती १९७० मध्ये, ब्रुएन यांनी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला तेव्हा.

१२ एप्रिल १९४५

फेब्रुवारी १९४५ मध्ये रूझवेल्ट याल्टा येथे चर्चिल आणि स्टालिन यांना भेटले. तिथल्या छायाचित्रांत त्यांचा उतरलेला चेहरा स्पष्ट दिसतो. मार्चमध्ये त्यांनी अमेरिकी संसदेपुढे बसून भाषण केले. महिनाअखेर ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथे विश्रांतीला गेले. पोलिओनंतर व्यायामासाठी ते वर्षानुवर्षे तिथे जात असत.

१२ एप्रिलला दुपारी एक चित्रकार त्यांचे चित्र काढत होती. एकच्या सुमारास त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखत असल्याचे सांगितले आणि ते बेशुद्ध झाले. ब्रुएन तिथेच होते. वरचा रक्तदाब ३०० च्या पुढे आणि खालचा १९० होता. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी त्यांचे निधन झाले. ते ६३ वर्षांचे होते. युरोपातले युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता.

त्यांच्या शरीरात काय चालले होते?

आपल्या मूत्रपिंडांना रक्तपुरवठा कमी वाटला, की ती रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात. त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन-१ तयार होते. ते स्वतः फारसे काही करत नाही. मग एसीई हे एन्झाइम त्याचे अँजिओटेन्सिन-२ मध्ये रूपांतर करते. अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळते आणि शरीराला मीठ-पाणी धरून ठेवायला लावते. दोन्हींमुळे रक्तदाब वाढतो.

जखमेतून खूप रक्त गेले तर ही व्यवस्था जीव वाचवते. पण हार्ट फेल्युअरमध्ये तीच उलटते. हृदय कमी रक्त पंप करते, मूत्रपिंडांना वाटते रक्तच कमी आहे, आणि ती मीठ-पाणी साठवायला लागतात. आधीच थकलेल्या हृदयावर आणखी ओझे पडते. ते आणखी थकते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

रूझवेल्ट व्हाइट हाऊसमध्ये होते त्याच काळात, १९३९-४० च्या सुमारास, अमेरिका आणि अर्जेंटिना येथील दोन गटांनी अँजिओटेन्सिन वेगवेगळे शोधून काढले. पण या शोधापासून औषधापर्यंत यायला चाळीस वर्षे लागली.

सापाच्या विषापासून गोळीपर्यंत

एसीई एन्झाइम १९५० च्या दशकात सापडले. ते रोखायचे कसे, याचा धागा ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाने दिला. हा साप चावला की रक्तदाब कोसळतो. १९६० च्या दशकात सर्जिओ फरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने त्याच्या विषातले काही घटक वेगळे केले आणि पुढे ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेले. हे घटक एसीईचे काम थांबवतात असे तिथे दिसले. त्यावरून अमेरिकेत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी तोंडाने घेता येईल असे औषध बनवले. ते म्हणजे कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

मग एनालाप्रिल आले. १९८७ मध्ये स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड इथल्या २५३ गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर उपचार दोन्ही गटांना चालू होते. सहा महिन्यांत, एनालाप्रिल न मिळालेल्यांपैकी ४४ टक्के रुग्ण दगावले, तर ते मिळालेल्यांपैकी २६ टक्के. ज्या आजारात तोवर बहुधा त्रास कमी करणे एवढेच हाती होते, त्यात आयुष्य वाढवणारी गोळी मिळाली होती.

तुमच्या डबीतली गोळी याच घराण्यातली आहे. ती फक्त आकडा खाली आणत नाही. वर सांगितलेले चक्र ती मध्येच तोडते. म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये रक्तदाब वाढलेला नसला तरी ती देतात.

ही गोळी घेताना काय लक्षात ठेवाल?

- डोस हळूहळू वाढतो. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते. बिछान्यातून सावकाश उठा. डॉक्टर डोस वाढवतात तेव्हा आजार बळावला असे समजू नका. पुरेसा डोस गाठला तरच पूर्ण फायदा मिळतो.
- रक्ततपासणी चुकवू नका. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. ठीक असल्यास नंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने.
- कोरडा खोकला. काही रुग्णांना घशात खवखव होऊन कोरडा खोकला येतो. एसीई जो दुसरा एक पदार्थ मोडते, तो साठल्यामुळे असे होते. पण हार्ट फेल्युअर वाढल्यावरही खोकला येतो, म्हणून स्वतः ठरवू नका. गोळीचाच खोकला असेल तर डॉक्टर लोसार्टन, टेल्मिसार्टन अशी 'सार्टन' गटातली गोळी देऊ शकतात.
- ओठ, जीभ, चेहरा सुजला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. हे क्वचित होते, पण श्वास अडकू शकतो. असे झालेल्या रुग्णाने पुन्हा 'प्रिल' गटातली गोळी कधीही घेऊ नये.
- गरोदरपणात ही गोळी चालत नाही. बाळाला इजा होऊ शकते. दिवस राहिल्याची शंका आली तरी लगेच डॉक्टरांना सांगा. मूल हवे असेल तर आधीच औषध बदलून घ्या.
- पोटॅशियम सांभाळा. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. ते विचारल्याशिवाय वापरू नका. किडनीचा आजार असेल तर रोजच्या नारळपाण्याबद्दलही विचारा. साधे मीठ मात्र कमीच हवे. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही मोजा.
- दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या या औषधासोबत किडनीला त्रास देऊ शकतात.
- जुलाब-उलट्या लागल्या तर फोन करा. शरीरातले पाणी कमी झाले असताना गोळी एक-दोन दिवस थांबवायची का, ते डॉक्टर सांगतील.
- औषधे एकत्र करू नका. हार्ट फेल्युअरसाठी सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन सुरू करताना 'प्रिल'ची शेवटची गोळी घेऊन किमान ३६ तास जावे लागतात. घरात जुनी पाकिटे राहिली असतील तर ती वेगळी काढा.

हार्ट फेल्युअरमध्ये ही एकच गोळी पुरत नाही. सोबत बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे आणि आता एसजीएलटी-२ गटातली औषधेही दिली जातात. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साचत असल्याचा तो इशारा असू शकतो. डॉक्टरांना कळवा.

मग गोळी का चालू ठेवायची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. तुम्हाला त्रास होत नाही, कारण गोळी तिचे काम करते आहे. ती बंद केली तर दुसऱ्या दिवशीही बहुधा काही जाणवणार नाही. रूझवेल्ट यांनाही कित्येक वर्षे काही जाणवले नव्हते. आकडे मात्र वाढत होते.

रूझवेल्ट यांच्या डॉक्टरांकडे औषध नव्हते. तुमच्या डॉक्टरांकडे आहे, एकापेक्षा जास्त आहेत, आणि अनेक स्वस्तात मिळतात. रूझवेल्ट यांनी प्रश्न विचारले नाहीत. तुम्ही विचारा. माझा रक्तदाब किती आहे, तो किती हवा, ही गोळी कशासाठी आहे, पुढची रक्ततपासणी कधी? उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि ती वही घरातल्या एकाला तरी दाखवा. ॲनासारखे आग्रह धरणारे माणूस घरात असेल, तर त्याला गप्प करू नका.

ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमचे औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.